तात्यांची भरपगारी सुट्टी



मुले परदेशी नोकरीला गेलेली आहेत, आई-बापांना बोलावतात, तर जावे की न जावे, गेल्यास काय पाहावे, अशी विचारणा आमच्याकडे अधूनमधून होते. इंग्लंड आम्ही स्वतः पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही कारकून माणूस. आमची धाव रजा शिल्लक किती आणि फंडातून निघतील किती, इथपर्यंत. पण आमच्या चाळीतले तात्या आणि आक्का गेल्या जूनमध्ये तीन आठवडे जाऊन आले. त्यांच्या प्रवासाची आखणी वाचून, विचारून आम्ही केली होती. तेव्हा त्यांच्याच निमित्ताने लिहितो.

तात्यांची लेक मँचेस्टरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दोन वर्षे ती बोलावत होती. तात्यांचे उत्तर ठरलेले. "आपल्या लोकांनी फिरायचं ते सहा डिसेंबरला दादरला, नाहीतर विजयादशमीला नागपूरला. बाकीचं फिरणं साहेब लोकांचं." आक्कांची बॅग मनात कधीच भरलेली होती, पण त्या बोलत नव्हत्या.

तरी एकदा मन वळले, तर माशी भलतीकडेच शिंकली. एका एजंटाने अर्ज भरला. त्यात आयुष्यभर गिरणीत आणि नंतर सोसायटीच्या फाटकावर पहारा केलेल्या माणसाला त्याने 'व्यापारी' करून टाकले. वर सल्ला दिला की चार नातेवाइकांकडून पैसे घेऊन बँकेत भरा, खाते भरलेले दिसले पाहिजे. परिणाम व्हायचा तोच झाला. एवढी रक्कम अचानक आली कुठून, याचा खुलासा नाही म्हणून व्हिसा नाकारला. फी परत मिळत नाही. भेटीच्या व्हिसाला सहसा अपीलही नसते, नवा अर्ज करावा लागतो. तात्या चार दिवस जिन्यावर कोणाशी बोलले नाहीत. "मी खोटं बोललो असं तिकडे लिहून ठेवलं असेल," एवढेच एकदा म्हणाले.

दुसऱ्या खेपेस आम्ही दोन रविवार बसून अर्ज भरला. निवृत्त गिरणी कामगार, निवृत्त पहारेकरी, पेन्शन इतके इतके; रक्कम लहान होती ती लहानच लिहिली. खर्च लेक करणार, म्हणून तिचे निमंत्रणपत्र, पगाराच्या पावत्या, राहत्या घराचा करार जोडला. इथे मुलगा, नातवंडे, खोली आहे, परत येण्याचे कारण आहे, याचे कागद लावले. पहिल्या नकाराची हकीकतही लपवली नाही. हा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. व्हिसा आला. साधारण भेटीचा व्हिसा सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला चालतो.

आता पाहायचे काय? लेकीने राजवाडे आणि मेणाचे पुतळे अशी यादी धाडली होती. तात्यांनी ती वाचून घडी घालून ठेवली. आम्ही सहज विचारले, "तात्या, इंग्लंड म्हटलं की तुम्हाला काय आठवतं?" तर म्हणाले, "प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम." आम्हाला कळेना. मग उलगडा झाला. तात्या १९८२ च्या संपापर्यंत अकरा वर्षे रिंग खात्यात होते. समोरच्या यंत्राच्या बिडावर ही अक्षरे ओतलेली होती. इंग्रजी अक्षरओळख त्यांची त्यावरच पक्की झाली. सूतगिरण्यांची यंत्रे बनवणारा हा कारखाना एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. मुंबईच्या कितीतरी गिरण्या त्याच्या यंत्रांवर चालल्या. आणि ओल्डहॅम गाव मँचेस्टरला लागूनच आहे! कारखाना आता राहिला नाही. पण सहलीची दिशा तिथेच ठरली.

मँचेस्टरच्या विमानतळाजवळ स्टायल गावी 'क्वारी बँक' नावाची १७८४ सालची सूतगिरणी जतन केलेली आहे. तिकीट आहे, पण आत जुनी यंत्रे चालवून दाखवतात. जवळच १७९० सालचे एक घर आहे. गिरणीत राबणारी अनाथ, गरीब घरची मुले त्यात ठेवली जात. तात्या सांगतात, यंत्र सुरू झाले आणि कानात पुन्हा तोच खडखडाट. आक्कांनी त्यांचा हात धरला, कारण ते तेलाचा वास घ्यायला कठड्यावरून वाकले होते. तिथल्या वृद्ध माणसाने धोटा हाती घेतला. दोरा भोकातून बाहेर काढायला पूर्वीचे विणकर तो तोंडाने कसा ओढत, ते करून दाखवले. मंडळी हसली. तात्या हसले नाहीत. लेकीला म्हणाले, "याला सांग, ह्याच्यापायी आमच्या बापाला विणाई खात्यात घेतलं नाही." उष्ट्या धोट्याचा विटाळ होतो म्हणून मुंबईत आपल्या माणसांना जास्त पगाराच्या विणाई खात्याची दारे बंद होती. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. लेकीने सगळे इंग्रजीत सांगितले. त्या माणसाने धोटा खाली ठेवला, दोनदा विचारून नीट समजून घेतले, आणि मग तो तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. वजनाला जड आहे, म्हणाले.

मँचेस्टरमध्येच 'पीपल्स हिस्टरी म्युझियम' आहे. कामगार, मताचा हक्क, युनियनचे जुने बावटे, असा सगळा कष्टकऱ्यांचा इतिहास. प्रवेश फुकट. युनियनचे भरजरी बावटे आक्कांना फार आवडले. शिवण किती बारीक होती, ते अजून सांगतात.

ब्लॅकपूलचे मात्र आम्ही आग्रहाने लिहिले होते, आणि त्यावर थोडे सविस्तर सांगतो. मँचेस्टरहून आगगाडीने सुमारे सव्वा ते दीड तासाचे हे समुद्राकाठचे गाव. १८४६ साली तिथे रेल्वे आली आणि लँकेशायरच्या गिरणी कामगारांची ती चौपाटी झाली. तिकडे प्रत्येक गिरणीगाव वर्षातून एक आठवडा बंद राही. बॉयलर साफ व्हायचे, यंत्रांची दुरुस्ती व्हायची आणि सगळी आळीच्या आळी ब्लॅकपूलला जायची. त्याला 'वेक्स वीक' म्हणत. गंमत अशी की शेजारी तेच, खाणावळही दर वर्षी तीच. आपल्याकडचा शिमगा आठवा म्हणजे झाले. पण ही सुट्टी पुष्कळ काळ बिनपगारी होती. आठवडाभराचा खाडाच तो. त्यासाठी वर्षभर दर आठवड्याला चार पैसे भिशीसारखे बाजूला टाकत. भरपगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली आला, तोही बरेच झगडल्यावर. आपल्याकडे कारखाना कायद्यात भरपगारी रजेची तरतूद १९४५ साली झाली. तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. फिरायला जाणे ही साहेब लोकांची गोष्ट, असे म्हणणाऱ्या तात्यांना आम्ही जाण्यापूर्वी हे कागदावर लिहून दिले. तो कागद त्यांनी पासपोर्टात ठेवला.

ब्लॅकपूलला १८९४ चा ५१८ फुटी मनोरा आहे, समुद्रात गेलेले तीन जुने धक्के आहेत, काठाने फ्लीटवूडपर्यंत ट्राम जाते. मनोऱ्यावर चढायचे तिकीट महाग, ते टाळले. ट्राममधून सगळा किनारा दिसतो. वारा मात्र जूनमध्येही बोचरा. आक्कांनी साडीवर लेकीचे जाकीट आणि डोक्याला मफलर बांधला. दिव्यांची प्रसिद्ध रोषणाई ऑगस्टअखेरीपासून असते, ती पाहायची तर तेव्हा जावे. मे महिन्याचा पहिला व शेवटचा आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार तिकडे सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत गर्दीही फार आणि भाडीही.

हेफील्ड गावी लेक गाडीने घेऊन गेली. शेजारच्या किंडर स्काउट डोंगरावर जमीनदारांनी लोकांना बंदी केली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार ती मोडून वर गेले. पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ साली हाच मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. जिथून ते निघाले तिथे खाणीच्या भिंतीवर पाटी आहे. तात्यांच्या गुडघ्यांनी डोंगराला नकार दिला. पाटी वाचून ते म्हणाले, "म्हणजे हे यांचं महाड." आम्हाला ही तुलना पुरती पटत नाही. डोंगरावर फिरणे आणि पाणी पिणे यांत अंतर आहे. पण तात्यांशी वाद घालायचा आमचा धीर झाला नाही.

लंडनला दोन दिवस पुरे झाले. बसने साधारण पाच तास लागतात. १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे १९२१-२२ मधले निवासस्थान महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येते. उघडण्याची वेळ आधी विचारून घ्यावी. ब्रिटिश म्युझियम फुकट आहे. तिथे काचेआड अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. बुद्धाची मूर्ती नाही अशा काही शिल्पांत रिकामे आसन, पावले, चक्र दिसते. आक्का तिथे हात जोडून इतका वेळ उभ्या राहिल्या की लेकीला घड्याळ दाखवावे लागले.

काही किरकोळ गोष्टी. मांस व दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणून पेढे नेऊ नयेत. ज्वारीचे पीठ, मसाला चालतो. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. साठीच्या वरच्यांना रेल्वेचे सवलत कार्ड मिळते, तिकीट एक तृतीयांशाने उतरते. पासपोर्ट दाखवून परदेशी माणसालाही ते घेता येते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तात्यांची झोपेची पंचाईत झाली ती त्यानेच.

कोणते कागद लागतात त्याची यादी आम्ही करून ठेवली आहे. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही विहारात असतो, तेव्हा येऊन उतरून घ्यावी. अर्जही बसून भरू. फक्त त्यातली प्रत्येक ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, एवढी आमची अट आहे.