भंगारात काय काय टाकणार?

अमेरिकेत १९३८ साली हॅमिल्टन नावाच्या कंपनीने कपडे सुकवण्याचे यंत्र बाजारात आणले. नाव ठेवले ‘जून डे’. तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन! आता हे नाव पेडण्यात किंवा डिचोलीत कुणाला सांगून बघा. आमच्याकडे जून म्हणजे वलणीवर चार-चार दिवस लोंबणारी ओली पँट, कुबट वासाचे टॉवेल आणि पंख्याखाली खुर्च्यांवर पसरलेले शाळेचे युनिफॉर्म. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे ड्रायर नावाच्या यंत्राची खरी गरज जगात कुणाला असेल तर ती आम्हाला. आणि ते बिघडले की आम्ही पहिला फोन करतो तो भंगारवाल्याला.

माझे भांडण त्या फोनशी आहे.

आधी एक खुलासा. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबलाही आपण ‘ड्रायर’ म्हणतो. तो फक्त गरगर फिरून पाणी झाडतो. मी बोलतोय तो गरम हवेच्या ड्रायरबद्दल. आपल्या भागात असे जुने ड्रायर आले ते आखातातून. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कुवेत-बहारीनला गेलेली माणसे सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, मिक्सर आणायची आणि एखादा हौशी माणूस सामानातून ड्रायरही पाठवायचा. आमच्या पेडण्याच्या घरातला ड्रायर त्यातलाच. गेल्या पावसाळ्यात तो फिरायला लागला, पण तापेना.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. मॉडेल सांगितल्याबरोबर पलीकडून उत्तर, “एवढा जुना? पार्ट मिळत नाहीत. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.” बघायला कुणी आले नाही, काय होतेय ते विचारले नाही. रोग्याचे वय ऐकूनच मृत्यूचा दाखला!

आता या यंत्रात असते तरी काय? कपड्यांचा ड्रम, तो पट्ट्याने फिरवणारी मोटर, हवा ढकलणारा पंखा, हवा तापवणारी कॉइल, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट, फारच तापले तर वीज तोडणारा कटआउट, टायमर आणि दाराचा स्विच. जुन्या ड्रायरात याहून फारसे काही नाही. आणि तो स्वतःच आपले दुखणे सांगतो. गुणगुणतो पण फिरत नाही, तर पट्टा तुटला असेल, पुली अडकली असेल किंवा कपॅसिटर कमजोर झाला असेल. फिरतो पण तापत नाही, म्हणजे मोटर, पट्टा, दाराचा स्विच सगळे ठीक. उरले कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, त्यांच्या वायरी आणि टायमरचा एखादा संपर्क. प्लग काढून मागचा पत्रा उघडायचा आणि मल्टिमीटर लावायचा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम यायला हवा. आमच्या कॉइलचा तेवढाच आला. कॉइल धडधाकट. कटआउट मात्र गेलेला.

इथे मी डिचोलीच्या एका मेकॅनिकला बोलावले. माणूस खाणींवरच्या टिपरांच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर घरगुती यंत्रांकडे वळला. मी म्हटले, कटआउट बदलू या. तो म्हणाला, “बदलुया मरे. पूण तो गेलो कित्याक?”

त्याने भिंतीतून बाहेर जाणारा गरम हवेचा पाइप ओढून काढला. आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले, आणि त्या मातीला कपड्यांची पिंज चिकटून पाइप जवळजवळ बुजलेला! गरम हवेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून आतले तापमान चढले, म्हणून कटआउटने जीव दिला. त्याने आपले काम चोख केले होते. नुसता तो बदलला असता तर आठ दिवसांत पुन्हा गेला असता. पाइप मोकळा केला, पिंज झाडली, तेवढ्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा कटआउट बसवला. ड्रायर तापू लागला. त्या सुट्या भागाची किंमत दोन फिशथाळ्यांपेक्षा कमी.

‘कित्याक?’ या एका प्रश्नासाठी मी हा लेख लिहितोय. दुरुस्तीला कारण शोधावे लागते. बदलून टाकायला फक्त पैसे लागतात. एक्स्चेंज ऑफरमध्ये हा प्रश्न विचारायची सोयच नाही.

आणि हा प्रश्न आपल्याला नवा आहे का हो? दर मे महिन्यात आपण घराचे नळे परततो. फुटके काढतो, चांगले पुन्हा बसवतो, गळते कुठून ते आतून बघून ठेवतो. घराला चाळीस वर्षे झाली म्हणून एक्स्चेंजमध्ये द्या, असे कुणी म्हणत नाही. सांधणे, रफू करणे, ठिगळ लावणे, डाग देणे, कल्हई करणे, शाकारणे... किती क्रियापदे आहेत आपल्या मराठीत, मोडलेले पुन्हा उभे करण्यासाठी! राजभाषेच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढतो, संमेलने भरवतो, शाली-श्रीफळे वाटतो. त्यात मीही असतो आणि पुढेही असेन. पण ही क्रियापदे कुणाच्या हातात उरली नाहीत, तर ती कोशात ठेवून काय करायचे? जो हे काम करतो त्याचा सत्कार आपण कधी केलाय? उलट त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि नव्या यंत्राचे हप्ते बिनतक्रार भरतो.

तुम्ही म्हणाल, जुने यंत्र वीज खाते. खाते. दोन हजार वॅटची कॉइल सलग तासभर चालली तर दोन युनिटे जातात, आणि आजचे हीट पंपवाले ड्रायर त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत भागवतात. रोज, बारमाही ड्रायर लावणाऱ्याने हिशेब जरूर करावा. पण आपण तो लावतो पावसाळ्यात, आठवड्यातून दोनदा. उरलेले आठ महिने ऊन फुकट आहे. नवे यंत्र पहिला शर्ट सुकवण्याआधीच किती लोखंड, तांबे आणि कोळसा खाऊन येते, ते विजेच्या बिलावर छापलेले नसते. आणि लोखंडाची किंमत डिचोलीकरांना कुणी शिकवायला नको. शिरगाव, मुळगाव, मये इथले डोंगर पोखरून खनिज जहाजांतून परदेशी गेले, तेव्हा वाळत घातलेले कपडे इथे लाल धुळीने माखत होते. तेच लोखंड पत्र्याची पेटी होऊन परत यावे आणि आपण ते दहा वर्षांत भंगारात घालावे?

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे. कपड्यांची पिंज झटकन पेटते. प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतो. अर्थिंग नसेल तर पत्र्याला हात लावू नये. आणि कटआउट काढून वायर ‘डायरेक्ट’ करणाऱ्याला तर घराची पायरी चढू देऊ नका, कारण त्याने ‘कित्याक’ विचारलेच नाही. पण धोका आहे म्हणून जाणकार हवेत. जाणकारच संपवून टाकणे हा त्यावर उपाय कसा?

सरकारकडूनही मागायला हवे. युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग, ते मॉडेल बाजारातून गेल्यावरही दहा वर्षे पुरवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केले. चांगले झाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि पोर्टलवर पट्टा मिळत नाही.

तोपर्यंत आपण काय करायचे? अॅमस्टरडॅममध्ये २००९ साली ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाला. लोक मोडकी वस्तू घेऊन येतात, जाणकाराशेजारी बसून स्वतः दुरुस्त करतात. आपल्याकडे पेडण्यात आणि डिचोलीत सरकारी आयटीआय आहेत, गावोगाव वाचनालये आहेत, देवळांचे मंडप आहेत. मे महिन्यातला एक रविवार, नळे परतायच्या दिवसांतला, मंडपात टेबले मांडा. आयटीआयची मुले येऊ देत, जुने मेकॅनिक येऊ देत, आणि शाल द्यायचीच असेल तर त्यांना द्या. घरातला मुका पडलेला मिक्सर, पंखा, ड्रायर घेऊन या. आणि पत्रा उघडताना मुलांना शेजारी बसवा. ‘कित्याक?’ हा प्रश्न त्यांना तिथे ऐकू येईल.