पटावरची जोडी कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा खानदेशातल्या शंकरपटाच्या शौकिनांना वाटले, संपले सगळे. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परत आला, पण पैसा सोबत घेऊन. पुण्याजवळच्या चिखलीत २०२२च्या शर्यतीला पहिले बक्षीस जेसीबीचे होते!

या पैशाला आम्ही नावे ठेवणार नाही. ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यातून बैल निघू लागले होते. ठेलारी पशुपालकांनी जपलेल्या आपल्या तापी खिल्लारसारख्या जनावरांना आज किंमत येत असेल, तर ते चांगलेच आहे.

दुखते ते वेगळेच. पूर्वी नांगराला चालणारी जोडीच यात्रेत पटावर उतरायची. बक्षिसाला फेटा नाहीतर पितळी भांडे; पण जोडी कोणाची, कोणत्या वावरात राबते, हे कडेला उभ्या माणसाला माहीत असे. ती आपली वाटायची. आता शर्यतीचा बैल शर्यतीसाठीच पोसला जातो, लाखांत विकला जातो, हंगामात मालक बदलतो. मैदानावर पुढाऱ्यांचे फलक, ड्रोन, मोठे पडदे. जुना शौकीन गर्दीत आहे, पण कोणासाठी ओरडावे हे त्याला सुचत नाही.

चाळीसगाव परिसरातल्या आयोजकांना आमची विनंती आहे : प्रत्येक पटात एक फेरी फक्त शेतात राबणाऱ्या जोड्यांसाठी ठेवा, आणि तिला प्रवेश फी लावू नका.