पाच वर्षांनी तू कुठे असशील?

मुलाखतीत हा प्रश्न मुलालाही विचारतात, मुलीलाही. मुलगा म्हणाला, ‘मॅनेजर व्हायचंय,’ की झालं, पुढचा प्रश्न. मुलीने तेच सांगितलं की समोरचे साहेब हसून म्हणतात, ‘ते ठीक, पण लग्नाचं काय?’ म्हणजे तिला ध्येय विचारलंच नव्हतं, मुहूर्त विचारला होता.

बालाघाटहून मुली गोंदियाला, नागपूरला मुलाखतीला निघतात तेव्हा आया हातावर दही-साखर ठेवतात आणि एक खोटंही शिकवून पाठवतात : ‘इतक्यात लग्न करायचं नाही असं सांग.’ पाठशाळेत सत्याणुव्रत घोकून घेणारी घरं ही! मला साहेबांपेक्षा याचा राग जास्त येतो.

‘मुली लग्न करून निघून जातात, धंद्याचं नुकसान होतं हो,’ हे आपल्याच व्यापारी मंडळींचं रडगाणं. मुलगा दोन वर्षांत जास्त पगारासाठी उडी मारतो, तेव्हा कुठे जातं हे नुकसान? मुंबईच्या एका औषध कंपनीत तर अविवाहित कामगार मुलीने लग्न केलं की नोकरी संपे. लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात, असं कंपनीचं म्हणणं. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1965 मध्ये न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. पुढे 1979 मध्ये परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणाऱ्या नियमावर कडक ताशेरे ओढले. नियम गेले. प्रश्न मात्र साहेबांच्या जिभेवर राहिला.

आपल्यात एखादी मुलगी दीक्षा घेते म्हणाली, तर घरच्यांची संमती लागते, गुरुणीजी पारखतात, हे खरं. पण ती जन्मभराचं बोलतेय म्हणून कोणी हसत नाही, वरघोडा निघतो. चंदनबालेच्या हाताखाली 36,000 साध्वी होत्या, हे आपण कौतुकाने सांगतो. आणि बी.कॉम. झालेली पोरगी पाच वर्षांचं बोलली, तर विश्वास नाही!

मुलगी बघायला जातो तेव्हा तर मुलाखत घेणाऱ्या आपण बायकाच असतो. ‘नोकरी पुढे करणार का गं?’ तिथे पास होणारं उत्तर एकच : ‘तुम्ही म्हणाल तसं.’ सकाळी कंपनीत लग्न नाही म्हणायचं, संध्याकाळी दिवाणखान्यात नोकरी नाही म्हणायचं. एकाच पोरीने, एकाच दिवशी.

जिच्या पगारावर भावाची फी भरायची आहे, तिने साहेबांपुढे हट्ट धरावा असं मी म्हणणार नाही. नोकरी खरंच हातची जाते. पण दिवाणखान्यातली मुलाखत तर आपल्या हातात आहे ना? तिथे पोहे संपायच्या आत मुलाला विचारा, ‘पाच वर्षांनी हिची बदली रायपूरला झाली, तर तुम्ही काय कराल?’ आणि उत्तर त्यालाच देऊ द्या. त्याच्या आईने मध्ये बोलायचं नाही.