फोटो काढायला कॉलेज कशाला?

दोस्तांनो, या आठवड्यात दिघीहून एक पत्र आलंय. लिहिणारी मुलगी दहावीत आहे. तिचे बाबा भोसरी एमआयडीसीत फिटर आहेत. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती दिघीतूनच जाते, हे तुमच्यापैकी कित्येकांना माहीत असेल. त्या दिवशी हिनं बाबांच्या मोबाइलवर पन्नासेक फोटो काढले आणि त्यातला एक थेट शाळेच्या सूचनाफलकावर लागला! आता हिला फोटोग्राफीच शिकायची आहे. पत्रात लिहिलंय, "बाबा म्हणतात, फोटो काढायला कॉलेज कशाला? कॅमेरा घेऊन देतो, लग्नाच्या ऑर्डरी घे. ताई, मी कोणतं कॉलेज निवडू?"

बाबांवर रागावू नकोस हं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. गौतम राजाध्यक्ष हे नाव आईबाबांना विचारा. सिनेमातल्या किती तरी चेहऱ्यांचे सुंदर फोटो त्यांनी काढले. पण ते शिकले होते रसायनशास्त्र! काही काळ त्यांनी तो विषय शिकवलासुद्धा, मग जाहिरात कंपनीत गेले. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पण कॅमेरा त्यांच्या हाती दिला तो माणेकशा यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं.

मग कॉलेज हवं कशाला? याचं उत्तर बाबांच्याच कारखान्यात सापडेल. एखादा चकचकीत स्टीलचा पार्ट टेबलावर ठेव आणि त्याचा फोटो काढून बघ. अर्धा भाग पांढराफटक येईल, अर्धा काळाकुट्ट, आणि मधोमध तुझंच नाक दिसेल! कारण पॉलिश केलेलं स्टील म्हणजे आरसाच. आरशावर कितीही उजेड टाकला तरी तो समोरचंच दाखवणार. म्हणून जाणकार फोटोग्राफर पार्टवर दिवा मारतच नाही. तो दिवा मारतो बाजूला ताणलेल्या मोठ्या पांढऱ्या कापडावर. मग पार्टमध्ये त्या कापडाचं मऊ प्रतिबिंब पडतं. कड उठून दिसावी म्हणून शेजारी काळ्या कागदाची पट्टी उभी करतात. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांना आपल्या मालाच्या कॅटलॉगसाठी असेच फोटो लागतात. ही युक्ती एकट्यानं शोधून काढता येते, नाही असं नाही. पण तेवढ्यात चार ऑर्डरी हातच्या जातात. बाबा तरी लेथसमोर उभे राहून आपोआप फिटर झाले का? कुणीतरी शेजारी उभं राहून "अरे, असं नाही, असं धर" म्हणालंच असेल ना?

तेव्हा कॉलेज बघायचं ते असं शेजारी उभं राहणारं कुणी तिथे आहे का, यासाठी.

आता वाटा बघू. पुण्याचं नाव निघालं की सगळे एफटीआयआय म्हणतात. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली ही संस्था मोठीच आहे, पण तिथे शिकवतात ती सिनेमॅटोग्राफी, म्हणजे सिनेमाचं छायाचित्रण. त्याला आधी पदवी लागते. अहमदाबादच्या एनआयडीचा फोटोग्राफीचा कोर्सही पदवीनंतरचाच. म्हणजे दहावीतल्या मुलीला तिथे लगेच जाता येणार नाही. बारावीनंतर मात्र दोन रस्ते आहेत. एक, उपयोजित कलेची बीएफए पदवी. ही चार वर्षांची. जे. जे. मध्ये किंवा पुण्यात अभिनव कला महाविद्यालयात ती करता येते आणि त्यात फोटोग्राफी हा एक विषय असतो. गंमत म्हणजे तिच्या सीईटीत कॅमेऱ्याला विचारत नाहीत, चित्र काढायला लावतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र वगैरे. तेव्हा एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या नसतील तर निदान पेन्सिल तरी आजपासून हातात धर. दुसरा रस्ता निव्वळ फोटोग्राफीचा. पुण्यात सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठ यांनी त्यासाठी वेगळ्या संस्था काढल्या आहेत. त्या खासगी आहेत, तेव्हा फीचा आकडा घरी सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. आणि तेवढा पैसा नसेल तर आयटीआयच्या यादीत 'डिजिटल फोटोग्राफर' नावाचा एक वर्षाचा ट्रेडही आहे. सगळीकडे नसतो, चौकशी करावी लागेल. फिटरबाबांना आयटीआय समजावून सांगायची गरज नाही!

फॉर्म भरायच्या आधी प्रत्यक्ष जाऊन ये. बाबांनाही ने. गुळगुळीत माहितीपत्रकावर भाळू नका. (माहितीपत्रकातलेच फोटो धड नसतील, तर मात्र तिथूनच परत फिरा!) ऑफिसात नुसतं "स्टुडिओ आहे का" असं विचारू नकोस, "हो" असंच उत्तर येईल. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ. दिवे स्वतःच्या हातानं किती वेळा लावायला मिळाले? कॉलेजचा कॅमेरा घरी नेता येतो, की पहिल्याच दिवशी महागडा विकत घ्यायला लावतात? फोटो काढल्यावर सर त्याच्यासमोर बसून चुका दाखवतात का? वर्षअखेरीचं प्रदर्शन असेल तर ते न चुकता बघ. सगळ्यांचे फोटो एकाच साच्यातले दिसले, तर माझ्या मते ते कॉलेज जरा दूरच ठेवावं. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळते, हे लेखी मागायचं काम बाबांवर सोपव.

एक मात्र कबूल करते. चांगलं कॉलेज मिळालं तरी पहिली काही वर्षं पैसे बेताचेच मिळतील आणि लग्नाच्या ऑर्डरी घ्याव्याच लागतील. त्यात कमीपणा नाही. भर उन्हात, घामाघूम गर्दीत, नवरीच्या शालूची जर आणि चेहरा दोन्ही नीट आणून दाखवणं ही काय साधी गोष्ट आहे?

सध्या कॅमेरा घेऊ नका. अजून दोन वर्षं आहेत. तोवर मोबाइलच घे आणि दत्तगडावर सकाळी सात वाजता, भर दुपारी आणि सूर्य मावळताना अशी तीनदा जाऊन एकाच जागेवरून एकच फोटो काढ. बाबांना सुट्टी असेल तर त्यांनाच पायरीवर बसव आणि तिन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावरची सावली कुठे पडते ते वहीत लिही.

आणि अगं, पालखीच्या फोटोबद्दल एवढं भरभरून लिहिलंस, पण पाकिटात फोटोच नव्हता. पाठव ना!