शहाजोग कोण?

सातारा-सांगलीकडील शिक्षक वा कारकून घर घेतो, तेव्हा आयुष्यभराची पुंजी एका खातेक्रमांकाच्या भरवशावर रवाना करतो. आरटीजीएसची रक्कम क्रमांक पाहून जमा होते, नाव पाहून नव्हे. एखाद्या तोतयाने क्रमांक बदलून दिला, की ती परक्याच्या खात्यात. जुनी शहाजोग हुंडी मात्र पतदार, परिचित व्यक्तीलाच वटविता येई. (त्या शब्दाला उपरोध पुढे चिकटला.) ती दक्षता रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून खातेदाराचे नाव आधी पाहण्याच्या विनामूल्य सोयीने परत आणली आहे, दस्तातील विक्रेत्याशी ते जुळल्याविना रक्कम पाठवू नये. विसार रोखीने देण्याचा परिपाठ मात्र सुटत नाही. २०१५ पासून २०,००० रुपये वा अधिक रोख विसार घेण्यास कायद्याने मनाई आहे. दंड होतो घेणाऱ्याला. पण व्यवहार मोडला, तर पुराव्यावाचून भांडावे लागते देणाऱ्याला.