माळाचे मारेकरी

जमीन पाहण्याची एकच रीत आपल्याला ठाऊक आहे. जिच्यातून पीक निघते ती जमीन आणि जिच्यावर झाडी आहे ते रान. बाकीचे माळ, खडक, सडे आपल्या लेखी ओसाड. इंग्रजांच्या महसूल खात्याला ही नजर सोयीची होती. ज्या तुकड्यावर सारा बसत नाही तो त्याने पोटखराबा ठरवला, पडीक म्हणून बाजूला टाकला. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी सात-बाऱ्यावरची ती नोंद आणि तिच्यामागची नजर आपण वाडवडिलांच्या ठेवीसारखी जपली. धनगराची मेंढरे याच माळावर जगली, लांडगी इथेच व्याली, माळढोकाने इथेच उघड्यावर अंडे घातले. हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले नाही असे नाही. पण ते मोलाचे आहे, असे कुणाला वाटले नाही. जे दप्तरात नाही ते नाहीच, असे मानायची सवय आपल्याला पिढ्यानपिढ्या जडत गेली.

पवनचक्क्या आपल्या डोंगरांवर आल्या त्या याच आंधळेपणाच्या वाटेने. सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरच्या पुढे गेले की चाळकेवाडीचा सडा लागतो, पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवड्याचे पठार. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. सड्याच्या कातळावर पुष्कळ ठिकाणी वीतभरसुद्धा माती नसते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेवढ्याच मातीत आणि साचलेल्या पाण्यात गेंद, दीपकाडी, वायतुरा उगवतात, फुलतात, बी टाकून मोकळे होतात. वायतुरा तर सह्याद्री सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाही. पवनचक्कीचा पाया घालायला आणि तिची लांबलचक पाती वर चढवायला हा कातळ फोडावा लागतो, त्यातून रुंद रस्ते काढावे लागतात. फोडलेला सडा पुन्हा भरून येत नाही. साताऱ्याजवळच्याच कासच्या पठाराला 2012 साली जागतिक वारशात स्थान मिळाले, म्हणून आपण पैसे भरून तिथली फुले पाहायला गर्दी करतो. आणि तसल्याच दुसऱ्या सड्यावर जाऊन फिरत्या पात्यांखाली फोटो काढतो. दोन्हीकडे जाणारी माणसे तीच, आणि मीही त्यांच्यातलाच. एका पठारापुढे हात जोडताना दुसऱ्याचे काय झाले, हे विचारायचे आपल्याला सुचलेच नाही.

काय झाले ते संशोधकांनी सांगितले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीवर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. आकाशातला शिकारी हटला तसे खाली सरडे वाढले. इथल्या सरड्याच्या नराला गळ्याखाली निळी, काळी, नारिंगी झालर असते; मादीसमोर तो ती पंख्यासारखी उघडतो. पवनचक्क्यांखालच्या नरांचे हे रंग फिके पडले होते, आणि माणूस पार जवळ गेला तरी ते सरडे पळत नव्हते. एका सरड्याच्या गळ्यापर्यंत आपला हात पोचला, आणि आपण मात्र डोंगर होता तसाच आहे असे समजत राहिलो.

जे पक्षी हटत नाहीत त्यांतले काही मरतात. गरुड उडताना भक्ष्यासाठी खाली पाहत असतो, आणि पात्याचे टोक ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने त्याच्यावर येते. त्याहून घातक आहेत पवनचक्क्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारा. माळढोक अंगाने जड, त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते; मेलेल्या पक्ष्याची जागा भरून निघायला वर्षे जातात. जैसलमेरकडच्या माळांवर पवनचक्क्या आणि सौरप्रकल्पांच्या तारांचे जाळे इतके दाटले की 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला त्या जमिनीखाली घालण्याचा आदेश द्यावा लागला. 2024 साली तो आदेश सैल झाला. आपल्या सोलापुरात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले ते 1979 साली. आज तिथे तो दिसणे मुश्किलीचे आहे, आणि त्याबद्दल महाराष्ट्रात कुणाच्या घरी सुतक पाळले गेले नाही.

हे सारे कायदा मोडून झाले असते तर दोष देणे सोपे होते. पण पर्यावरणावरील परिणाम तपासण्याच्या 2006 च्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना आगाऊ मंजुरी घ्यावी लागते, त्यांच्या यादीत पवनचक्की नाहीच. त्यामुळे त्या अधिसूचनेखाली होणारी जनसुनावणीही नाही. धूर नाही म्हणजे हानी नाही, असे सरकारने धरून चालले आणि आपण मान डोलावली. कोळशाने हवा नासते, पाऊस बिघडतो, हे खरे आहे आणि कोळसा सुटलाच पाहिजे. पण आपल्या शहरांतल्या लाखो गच्च्या रिकाम्या तापत असताना वीज आणायला सड्यावरच का जावे लागते? कारण गच्चीला मालक आहे, तो प्रश्न विचारतो. माळाच्या वतीने विचारणारे धनगर आणि पक्षी, आणि या दोघांचे ऐकायची आपल्याला सवय नाही.

ही सवय सुटेल. विधवेचे केशवपन आणि सार्वजनिक पाणवठ्यावरची बंदी हीसुद्धा आपल्याच धर्माची, रीतीची म्हणून मिरवली गेली होती, तरी ती सुटली. सड्यांवर आणि माळढोकाच्या, भोवत्या पक्ष्यांच्या माळांवर नवी पवनचक्की नको, एवढे ठामपणे म्हणायला आपण सुरुवात करायची आहे. आहेत त्या तारा पुरता येतात. जुनी यंत्रे उतरवून त्यांच्याच जागी थोडी, जास्त क्षमतेची बसवता येतात. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर तिनांपैकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या छोट्या प्रयोगात दिसले. तसा प्रयोग चाळकेवाडीवर करायला कोण अडवते? आणि नव्या प्रकल्पाचा कागद गावात येईल, तेव्हा ना-हरकत दाखल्यावर सही होण्याआधी ग्रामसभेत तीन गोष्टी विचारायच्या: या माळावर हिवाळ्यात कोणते पक्षी उतरतात, तारा कुठून जाणार, आणि मेंढरे कुठे चरणार. लेखी उत्तर मिळेपर्यंत सही थांबवायची.