हस्तर कुणाच्या मालकीचा?

१३ सप्टेंबर २०२४ रोजी 'तुंबाड' हा चित्रपट देशभर पुन्हा प्रदर्शित झाला. सहा वर्षांपूर्वी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो पहिल्यांदा आला, तेव्हा समीक्षकांनी डोक्यावर घेतला; पण तिकीटबारीवर निर्मितीखर्चही जेमतेम भरून निघाला. दुसऱ्या फेरीत मात्र पहिल्या कमाईच्या दुपटीहून अधिक गल्ला जमला. हिंदी चित्रपटसृष्टीत जुने चित्रपट पुन्हा लावण्याची जी लाट त्या वर्षी आली, तिच्यातले हे सर्वांत मोठे यश. याच सुमारास निर्माते आणि प्रमुख अभिनेते सोहम शाह यांनी 'तुंबाड २' ची घोषणा केली. त्या घोषणेत राही अनिल बर्वे हे नाव नव्हते. ज्याने वयाच्या अठराव्या वर्षी, १९९७ मध्ये, या चित्रपटाचा पहिला आराखडा लिहिला आणि पुढची एकवीस वर्षे त्यापायी घालवली, तो लेखक-दिग्दर्शक दुसऱ्या भागात नाही. बर्वे यांनी शाह आणि सहलेखक आदेश प्रसाद यांना जाहीर शुभेच्छा दिल्या आणि आपण 'पहाडपांगिरा' व 'पक्षीतीर्थ' या आपल्या कल्पनेतील पुढच्या दोन चित्रपटांकडे वळत असल्याचे कळवले. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. तरीही भयपटाच्या लेखक-दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा विचार करू पाहणाऱ्याने या प्रसंगापाशी थांबायला हवे.

राही हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमीदाबाईची कोठी'चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. त्यांच्या 'मांजा' या २००८ सालच्या लघुपटाची दखल डॅनी बॉइल यांनी घेतली आणि 'स्लमडॉग मिलेनियर'च्या ब्लू-रे तबकडीत तो समाविष्ट केला. एवढी शिफारस पाठीशी असताना पुढचा रस्ता सुकर व्हायला हवा होता. झाले उलटेच. 'तुंबाड'साठी त्यांनी सातशे पानांची चित्रमालिका रेखाटली. एकामागून एक सात निर्मितीसंस्थांनी चित्रपट हाती घेतला आणि सोडला. २०१२ मध्ये एकदा चित्रीकरण झाले, संकलनाच्या टेबलावर ते मनास येईना, म्हणून संहिता पुन्हा लिहून पुन्हा चित्रीकरण केले गेले. ते संपायला मे २०१५ उजाडले. २०१८ मध्ये व्हेनिसच्या 'क्रिटिक्स वीक' विभागाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. भारतीय चित्रपटाला तो मान प्रथमच मिळत होता.

हा विलंब केवळ आळसाचा किंवा हट्टाचा परिणाम म्हणता येणार नाही. विनोदी चित्रपट संवादांवर तरतो, प्रेमकथा नटांच्या जोडीवर. भयपटाला वातावरण लागते, आणि वातावरण वेळ खाते. सततच्या पावसात भिजलेला वाडा, कंदिलाच्या उजेडापलीकडचा अंधार, ओल धरलेल्या भिंती हे सारे 'तुंबाड'मध्ये पात्रांइतकेच महत्त्वाचे आहे. छायालेखक पंकज कुमार यांना ते टिपण्यासाठी पावसाळ्यांची वाट पाहावी लागली. पैसा लावणाऱ्याच्या वहीत अशा वाट पाहण्याला रकाना नसतो. अर्थात, सोहम शाह यांनी स्वतःची पुंजी पणाला लावून, वर्षानुवर्षे तग धरून हा चित्रपट पुरा केला, हेही तितकेच खरे. ते नसते तर सातशे पाने कपाटातच राहिली असती. म्हणूनच हा प्रश्न खलनायक शोधून सुटणारा नाही.

नाशिककरांना तरी हा पेच नवा वाटू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर, १९१३ मध्येच, आपला संसार आणि कारखाना नाशिकला आणला. येथे त्यांनी जे केले, ती आजच्या भाषेत दृक्‌चमत्कारांची चित्रपटनिर्मिती होती. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) ही त्याची ठळक उदाहरणे. अद्भुताला लागणारा खर्च मोठा, म्हणून १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. (योगायोग असा की, 'तुंबाड'ची कथा सुरू होते तेही वर्ष १९१८ च.) भागीदारांना हवी होती शिस्त, हिशेब आणि ठरल्या वेळी चित्रपट; फाळक्यांना हवी होती मोकळीक. मतभेद विकोपाला गेले, फाळके राजीनामा देऊन काशीला निघून गेले आणि तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिण्यात गुंतले. कंपनी मात्र त्यांच्याविना चालू राहिली. पुढे ते परतले, पण पूर्वीचे स्थान परतले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या उद्योगाचा त्यांनी पाया घातला, त्या उद्योगात त्यांच्या मालकीचे म्हणावे असे फारसे काही उरले नव्हते.

मधल्या शंभर वर्षांत कायदा बदलला, पण या मुद्द्यावर फारसा नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात प्रमुख दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची तरतूद सुचवली गेली होती. संसदीय समितीच्या आक्षेपानंतर ती गळाली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि लेखकांना मानधनाखेरीज रॉयल्टीचा हक्क दिला. दिग्दर्शक तसाच कोरडा राहिला. युरोपीय संघाने १९९३ मध्येच प्रमुख दिग्दर्शकास चित्रपटाचा एक कर्ता मानले आहे. आपल्याकडे दिग्दर्शकाचे नाव श्रेयनामावलीत शेवटी, मानाने येते. हक्काच्या कागदावर ते बहुधा येतच नाही.

भयपटात याची झळ अधिक बसते, कारण येथे भाग दोन, भाग तीन निघतात ते नटाच्या नव्हे, तर भुताच्या नावावर. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला 'मुंज्या' जून २०२४ मध्ये आला आणि त्याने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. कोकणातल्या पिंपळावरचा, आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेला हा मुंज्या आता एका मोठ्या निर्मितीसंस्थेच्या भूतमालिकेतला घटक झाला आहे. विशाल फुरिया यांनी २०१७ मध्ये 'लपाछपी' मराठीत केला, २०२१ मध्ये स्वतःच त्याचा 'छोरी' हा हिंदी अवतार काढला आणि २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही दिग्दर्शित केला. आपले भूत आपल्याच हाती ठेवण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. मात्र त्यासाठी मराठी सोडावी लागली, ही बोच उरतेच.

मालकीचा धागा मागे ओढत नेला तर गंमत अशी की, तो बर्वे यांच्यापाशीही थांबत नाही. 'तुंबाड'मधली साखळदंडातली म्हातारी नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेतून आली, आणि त्या 'आजी'चे मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रामा' कथेत असल्याचे जाणकार सांगतात. शीर्षकामागे श्री. ना. पेंडसे यांचे 'तुंबाडचे खोत' आहेच. भयकथा अशीच कानोकानी चालते. प्रत्येक सांगणारा तिला आपल्या अंगणातले झाड आणि आपल्या घरातली अडगळीची खोली देतो. बर्वे यांनी दिली ती हस्तराची, लोभाची आणि न थांबणाऱ्या पावसाची सृष्टी. ती उसनी नव्हती.

बर्वे यांच्यापुढे काम नाही असे नाही. 'गुलकंदा टेल्स' आणि 'रक्तब्रह्मांड' या दोन वेबमालिकांच्या दिग्दर्शनासाठी त्यांचे नाव २०२४ मध्ये जाहीर झाले. राज आणि डीके हे निर्माते, पडदा परदेशी वाहिन्यांचा. त्यात पैसा आहे, वेळही कदाचित आहे, परंतु कथाविश्वाची मालकी पुन्हा दुसऱ्याचीच. कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट करारानेही साधता येईल: पुढचा भाग काढायचा झाल्यास तो प्रथम मूळ लेखक-दिग्दर्शकास देऊ करावा, त्याने नाकारला तर उत्पन्नातला ठरलेला हिस्सा त्यास मिळावा. निर्मात्याचे भांडवल त्याने बुडत नाही. 'पहाडपांगिरा'चा करार ज्या दिवशी टेबलावर येईल, त्या दिवशी पहिल्या पानाआधी हे कलम वाचले जावे.